नाक्यावरची साक्ष

किहीमच्या किनाऱ्यावरून सकाळीं निघालेला मनुष्य चोंढीच्या नाक्यावर येतो, तेथें अलिबागची गाडी धरतो, आणि बाजार, कचेरी, दवाखाना यांपैकीं जेथें त्याचें काम असेल तेथें जातो. मासळीची पाटी घेतलेली कोळीण त्याच गाडींत असते, शाळेला निघालेलीं मुलें असतात. ज्याला मुंबई गांठावयाची आहे तो मांडव्याच्या धक्क्याकडे वळतो. वाटेंत त्यांना कोणी अडवीत नाहीं. 'तूं कोण, कोठला, कोणाकडे चाललास, आणि परत केव्हां येणार?' असे प्रश्न कोणी बंदूक रोखून विचारले, तर प्रथम त्यांना ती थट्टाच वाटेल. जाण्यायेण्याची ही मोकळीक इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिला स्वातंत्र्य म्हणावें हें देखील कोणाच्या मनांत येत नाहीं.

नाका हा शब्दहि मराठींत मोठा सालस आहे. नाक्यावर रस्ते मिळतात, चहाचें दुकान असतें, गाडीची वाट पाहणारीं माणसें असतात. फार तर जकात किंवा टोल द्यावा लागतो. परंतु जगाच्या पाठीवर असा एक प्रदेश आहे कीं, जेथें नाक्याला योजलेला शब्द लोकांच्या जिभेवर दिवसांतून दहा वेळां येतो आणि प्रत्येक वेळीं तो कडूच लागतो. तो शब्द 'माखसोम'. तो हिब्रू भाषेंतला असून त्याचा अर्थ अडथळा. जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरील पॅलेस्टिनी लोकांची भाषा अरबी; तरी हा शब्द त्यांनीं आपल्या बोलींत जसाच्या तसा घेतला आहे. ज्याची वाट रोज अडते, त्याला अडविणाऱ्याचा शब्द शिकावाच लागतो.

किहीमचा त्या दूरच्या प्रदेशाशीं संबंध काय, असें श्रोते विचारतील. संबंध आहे, आणि तो एका आडनांवांत सांठवलेला आहे. किहीमपासून जवळच नवगांव आहे. प्राचीन काळीं तेथें एक गलबत फुटलें आणि त्यांतून वांचलेल्या सात जोडप्यांपासून कोंकणांतील बेने इस्रायल समाज वाढला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. हे लोक गांवोगांवीं तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ते मराठी बोलूं लागले, आणि कोंकणच्या रीतीप्रमाणें गांवाच्या नांवावरून आडनांवें लावूं लागले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, तसे किहीमचे किहीमकर. या किहीमकरांपैकीं हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत आपल्या समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढण्यांत पुढाकार घेतला. १८९७ सालीं त्यांनीं समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहून पुरा केला; तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला तो १९३७ सालीं, तेल अवीव्ह येथें. पुढें १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या समाजापैकीं बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गांवीं त्यांनीं बिऱ्हाडें थाटलीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकहि त्यांनीं तेथें चालविलें.

त्या देशांत त्यांना एका निराळ्याच नाक्यावर उभें राहावें लागलें. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें आदेश काढला कीं, बेने इस्रायलांपैकीं कोणी इतर ज्यूंशीं विवाह करूं इच्छील तर त्याच्या आईकडील पिढ्यांची, जितकें मागें जातां येईल तितकें मागें जाऊन, चौकशी करावी. शेंकडों वर्षें कोंकणच्या किनाऱ्यावर शनिवार पाळून राहिलेल्या घराण्याच्या मुलाला किंवा मुलीला लग्नाच्या वेळीं विचारण्यांत येऊं लागलें कीं, तुम्ही खरोखर आमचे, हें सिद्ध करा. समाजानें हा अपमान सोसला नाहीं. १९६४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं यरुशलेममध्यें धरणें धरलें; १७ ऑगस्ट १९६४ रोजीं तेथील संसदेनें ठराव केला कीं, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच होत. थोड्याच दिवसांनीं धर्मपीठालाहि आदेशांतून या समाजाचें नांव काढावें लागलें. 'आधीं कागद दाखव, मग पुढें जा' या वाक्याची धार किहीमकरांना अशी अनुभवानें कळलेली आहे. हा त्यांच्या कथेचा एक भाग झाला. दुसरा भाग असा कीं, इस्रायलांत लष्करी सेवा सक्तीची असल्यामुळें, मराठी आडनांवाच्या तरुण पिढीलाहि तेथील सैन्याचा गणवेश चढवावा लागतो. म्हणजे नाका ही वस्तु तेथील मराठी घरांना परकी राहिलेली नाहीं.

आतां त्या नाक्यांकडे वळावें. जून १९६७ च्या युद्धांत पश्चिम तीर इस्रायली सैन्याच्या ताब्यांत गेला. आरंभीं कित्येक वर्षें तेथील लोकांना इस्रायलांत जाण्याची बरीच मुभा होती. १९९१ पासून प्रत्येकानें स्वतंत्र परवाना काढावा असें ठरलें. सप्टेंबर २००० मध्यें पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव सुरू झाला आणि त्या पांच वर्षांत हजाराच्या आसपास इस्रायली व तीन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्यु पावले. बसमध्यें, उपाहारगृहांत, बाजारांत आत्मघातकी स्फोट होत होते. स्फोट करणारा येतो त्या वाटेवरच त्याला पकडावा, असें सैन्याचें म्हणणें होतें, आणि त्या म्हणण्यामागची भीति खरी होती. परंतु नाके केवळ दोन देशांच्या सीमेवर बसले नाहींत. ते गांव आणि शहर यांच्यामध्यें, घर आणि शाळा यांच्यामध्यें, शेत आणि शेतकरी यांच्यामध्यें बसले. २००२ पासून विभाजक भिंत व कुंपण उभें राहूं लागलें. त्याची बरीच लांबी पश्चिम तीराच्या आंतून जाते. म्हणून जागतिक न्यायालयानें ९ जुलै २००४ रोजीं दिलेल्या आपल्या सल्ल्यांत त्याचें तें बांधकाम आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध असल्याचें म्हटलें.

या व्यवस्थेचा आकार ध्यानीं येण्यास घरचेंच माप घ्यावें. पश्चिम तीराचें क्षेत्रफळ रायगड जिल्ह्याहून कमी आहे. तेवढ्या भूमींत २०२५ च्या आरंभीं संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयानें केलेल्या मोजणींत ८४९ अडथळे भरले: पहाऱ्याचे नाके, लोखंडी फाटकें, मातीचे ढिगारे, सिमेंटचे ठोकळे, खणलेले चर. त्यांच्यामध्यें सुमारें ३३ लक्ष माणसें राहतात. किहीमच्या वाडीवाल्यानें अशी कल्पना करावी कीं, आपली नारळीची वाडी फाटकाच्या पलीकडे राहिली आहे. फाटक ठराविक वेळींच उघडतें. वाडींत शिरण्याचा परवाना आपल्या नांवाचा आहे, पण मुलाच्या नांवाचा नाहीं. आणि पाडेल्याला परवानाच मिळालेला नाहीं. कुंपणापलीकडे ऑलिव्हचीं झाडें राहिलेल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याची स्थिति ही अशी आहे. मजुराची तऱ्हा निराळी. बेथलहेमच्या नाक्यावर इस्रायलांत कामाला जाणारे लोक पहांटे चारच्याहि आधीं रांगेंत उभे राहत. फिरत्या लोखंडी दारांतून एकेक जण आंत जाई. आजारी माणूस, परीक्षेस निघालेला विद्यार्थी, प्रसूतीच्या वेणा सुरू झालेली स्त्री, सर्वांना तीच रांग. नाक्यावर अडकून तेथेंच प्रसूत झालेल्या स्त्रियांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांविषयींच्या अहवालांतून झालेली आहे.

अशा नाक्यांवर २००१ सालाच्या प्रारंभीं कांहीं इस्रायली स्त्रिया जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं जी संस्था काढली तिचें नांव 'माखसोम वॉच', म्हणजे नाक्यावरची नजर. संस्थेंत केवळ स्त्रियाच आहेत. त्यांत पुष्कळशा वयस्क, नोकरींतून निवृत्त झालेल्या, कित्येक आजीबाई म्हणाव्या अशा. ज्या सैनिकासमोर त्या उभ्या राहत तो वयानें त्यांच्या नातवाएवढाच असे, आणि ही गोष्ट दोघांनाहि ठाऊक असे. त्यांचें काम दिसावयास अगदीं साधें. लहान तुकडी करून, पाळी लावून, सकाळीं किंवा दुपारीं नाक्यावर जावयाचें. काय चाललें आहे तें पाहावयाचें. आणि घरीं येऊन लिहून काढावयाचें. किती माणसें रांगेंत होतीं, किती वाटा उघड्या होत्या, रुग्णवाहिका किती वेळ थांबली, कोणाला परत पाठविलें आणि कोणतें कारण सांगितलें, हें सर्व तारीख, वेळ आणि ठिकाण घालून. असे अहवाल वर्षानुवर्षें सांठत गेले आणि ते सर्वांना वाचावयास खुले ठेवण्यांत आले. प्रसंगीं त्या जागच्या जागीं लष्करी अधिकाऱ्याला दूरध्वनि करतात. परवाना नाकारलेल्यांच्या अर्जांना साहाय्य करतात. लष्करी न्यायालयांत जाऊन बसतात. परंतु मूळ काम पाहण्याचें आणि लिहिण्याचें.

नुसतें पाहून आणि लिहून काय होणार, ही शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर शोधण्यासाठीं महाराष्ट्राबाहेर जाण्याची आवश्यकता नाहीं. १८९७ सालीं, किहीमकर आपल्या इतिहासाचीं शेवटचीं पानें लिहीत होते त्याच वर्षीं, पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला होता. रोग पसरूं नये म्हणून सरकारनें कडक उपाय योजले. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊं लागली, आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पुण्यांतील घरें झडतीस घेऊं लागल्या. हेतु रोगनिवारणाचा, तोहि खोटा नव्हता. परंतु शिपाई देवघरांत शिरत, सामान रस्त्यावर फेंकीत, आणि रोगी नसलेल्यांनाहि ओढून नेत, अशा तक्रारी घरोघरीं होऊं लागल्या. सरदार नातू बंधूंसारखे कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ स्वयंसेवक म्हणून या कामांत शिरले होते. त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि प्लेग समितीचे अध्यक्ष रँडसाहेब यांच्याकडे लेखी तक्रारी केल्या. त्या तक्रारींना दाद लागली नाहीं. जूनमध्यें रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, आणि पुढच्याच महिन्यांत नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या कायद्याखालीं, चौकशीवांचून, अटकेंत टाकण्यांत आलें.

त्याच वर्षींची दुसरी गोष्ट याहून अधिक बोधप्रद आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं इंग्लंडांत होते. पुण्याहून मित्रांचीं पत्रें आलीं; त्यांवर विश्वासून त्यांनीं शिपायांच्या अत्याचारांविषयीं, स्त्रियांवरील बलात्काराच्या आरोपासह, तेथील वृत्तपत्राला माहिती दिली. पार्लमेंटांत गवगवा झाला, सरकारनें आरोप फेटाळला. गोखले परत आले तेव्हां पुरावा पुढें करावयास कोणी तयार होईना. कोणत्या दिवशीं, कोणत्या घरीं, कोणाच्या समक्ष, याचें उत्तर हातीं नव्हतें. अखेर गोखल्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. पुण्याच्या लोकांनीं जें सोसलें होतें तें खोटें नव्हतें. परंतु गोखल्यांच्या हातीं जें होतें तें ऐकीव होतें, आणि ऐकीव गोष्ट सत्तेपुढें टिकत नाहीं. सोसणाऱ्याला लिहून ठेवण्यास अवसर नसतो, तो घाबरलेलाहि असतो. अशा वेळीं शेजारीं उभें राहून दिवस, घटका आणि घर टिपून ठेवणारा कोणी असता, तर गोखल्यांवर ती पाळी येती ना.

त्या इस्रायली स्त्रियांच्या वहींतील तारीख आणि वेळ यांचें मोल येथें कळतें. नोव्हेंबर २००४ मध्यें नाब्लुसजवळच्या बेत ईबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण व्हायोलिन घेऊन आला. सैनिकांसमोर उभा राहून तो तें वाद्य वाजवीत आहे, हें दृश्य तेथें असलेल्या संस्थेच्या एका सभासद स्त्रीनें चित्रित केलें. तें प्रसिद्ध होतांच इस्रायलांत मोठी खळबळ उडाली. छळछावण्यांत ज्यू वादकांना नाझींपुढें वाजवावें लागलें होतें, याची कित्येकांना आठवण झाली. वाजविण्यास सांगितलें होतें असें तरुणाचें म्हणणें, तर त्यानें तें आपण होऊन वाजविलें असें सैन्याचें. वाद राहिला, परंतु 'असें कांहीं घडलेंच नाहीं' असें म्हणण्याची सोय कोणालाहि राहिली नाहीं. एरवीं ही गोष्ट त्या तरुणाच्या घरच्या चार माणसांत बोलली जाऊन विरून गेली असती.

या कार्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. इस्रायलांतील पुष्कळ लोक या स्त्रियांना सैनिकांच्या कामांत व्यत्यय आणणाऱ्या म्हणतात. देशद्रोही हा शब्दहि त्यांना ऐकावा लागला आहे. उलट बाजूनें असा आक्षेप येतो कीं, फाटक दहा मिनिटें आधीं उघडण्याची विनंति करणें म्हणजे फाटक असणें मान्य करणें होय. संस्थेच्या संस्थापिकांपैकीं यहुदीत केशेत यांनीं २००६ सालीं आपल्या अनुभवांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या कार्यांतील असे पेंच त्यांनीं झांकून ठेवले नाहींत. अडलेल्या आजाऱ्याला आज वाट मिळवून द्यावी, कीं वाट अडविण्याचा अधिकारच नाकारावा? दोन्हीं करूं पाहणाऱ्याला दोन्हींकडून बोल लागतो. शिवाय इतक्या वर्षांच्या अहवालांनीं नाके नाहींसे झाले नाहींत. २००९ च्या सुमारास नाब्लुसभोंवतालचे कांहीं नाके उठले किंवा सैल झाले. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासनें इस्रायलवर हल्ला करून सुमारें बाराशें माणसें मारलीं, गाझांत भयंकर युद्ध पेटलें, पश्चिम तीरावरील बहुतेक मजुरांचे परवाने स्थगित झाले आणि रस्त्यांवर नवीं फाटकें बसलीं.

तरीहि नाक्यावर साक्षीला उभें राहणाऱ्यांची परंपरा खंडली नाहीं. जागतिक ख्रिस्ती मंडळांच्या परिषदेनें २००२ पासून निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक तीन-तीन महिन्यांकरितां तेथें पाठविले. पहांटेच्या रांगेंतील माणसें मोजणें हें त्यांच्या कामांपैकीं एक होतें. मोजणें हें काम क्षुल्लक नव्हे. एका माणसाचे दोन तास गेले तर ती त्याची अडचण. पण तीच गोष्ट रोज हजारों माणसांच्या बाबतींत घडते असें आंकड्यांनीं दाखविलें, म्हणजे तो सार्वजनिक प्रश्न होतो.

१० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या तेराव्या कलमांत आपल्या देशांत हिंडण्याफिरण्याचा, देश सोडण्याचा आणि परत येण्याचा अधिकार प्रत्येकाला सांगितला आहे. कोंकणचेच सुपुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिनें सिद्ध केलेल्या भारतीय घटनेंतहि एकोणिसाव्या कलमानें देशांत हिंडण्याफिरण्याचा अधिकार नागरिकांना दिला आहे. मात्र कलम आपण होऊन नाक्यावर जाऊन उभें राहत नाहीं. तेथें माणसालाच जावें लागतें. आणि ज्याची वाट अडलेली आहे त्याची साक्ष बहुधा ऐकली जात नाहीं. त्याला पक्षपाती म्हणून बाजूस सारणें सोपें असतें. म्हणून ज्याला कोणी अडवीत नाहीं त्यानेंच तेथें थांबून पाहणें अगत्याचें ठरतें. नातू बंधूंना सरदारकीमुळें झडतीच्या तुकड्यांबरोबर जातां आलें. त्या इस्रायली स्त्रियांना नागरिकत्वामुळें नाका सहज ओलांडतां येतो. आपली ही सोय त्यांनीं घरीं लवकर पोहोंचण्याकरितां वापरली नाहीं, हाच त्यांचा विशेष.

नवगांवच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलांची जुनी दफनभूमि व स्मारकस्तंभ आहे. इस्रायलांत वाढलेलीं या समाजाचीं मुलें-नातवंडें पूर्वजांचीं गांवें पाहावयास या बाजूला येतात. अलिबागच्या इस्रायल आळींतील प्रार्थनामंदिर पाहतात. एखादा किहीमकर चोंढीच्या नाक्यावर उतरून आपल्या नांवाचें गांव कोणत्या दिशेला आहे असें विचारूं लागला, तर चहावाला हात करून समुद्राकडची वाट दाखवील, आणि त्याला दुसरें कांहीं विचारणार नाहीं.